कुत्र्याची जात विचारता, मग माणसाची वस्तीही विचारा!

गेले वर्ष-दीड वर्ष देशात कुत्र्यांवरून मोठा वाद पेटलेला आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली व आसपासची सगळी मोकाट कुत्री आठ आठवड्यांत उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. लगेच दिल्लीत मोर्चे निघाले, मेणबत्त्या पेटल्या, नट-नट्या रडल्या, वाहिन्यांवर रात्र-रात्र चर्चा झडल्या. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची निर्बीजीकरण व लसीकरण करून जिथून धरली तिथेच सोडावीत, असे सांगितले आणि प्रश्न सर्व राज्यांना लागू केला. अकरा दिवसांत आदेश दुरुस्त झाला. न्यायालयाचा अनादर करण्याचा आमचा हेतू नाही, दुरुस्ती योग्यच होती. पण आम्हाला २० मार्च २०१८ आठवतो. त्या दिवशी आपल्याच महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात अट्रॉसिटी कायद्याची धार बोथट करणारा निकाल आला. त्यासाठी २ एप्रिलचा भारत बंद करावा लागला, माणसे मेली, संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला आणि न्यायालयाने ते निर्देश मागे घ्यायला १ ऑक्टोबर २०१९ उजाडले. या देशात कोणाचे दुःख किती लवकर ऐकू येते, याचा हा हिशेब वाचकांनीच करावा.

या वादात एक दुसरा वाद मिसळला आहे, तो कुत्र्याच्या जातीचा. जुलै २०२२ मध्ये लखनौला एका पिटबुल कुत्र्याने घरातल्याच ८२ वर्षांच्या वृद्धेला फाडून मारले. तशाच आणखी काही घटना घडल्या. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, मॅस्टिफ, टोसा इनू, डोगो अर्जेंटिनो अशा २३ जातींची आयात, पैदास व विक्री बंद करावी आणि घरी असलेल्यांचे निर्बीजीकरण करावे, असे कळवले. महिना होतो न होतो तोच १० एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयाने आणि १६ एप्रिलला दिल्ली उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले. कारण साधे होते. कुणाला विचारले नव्हते, कुणाचे म्हणणे ऐकले नव्हते.

आता प्रश्न असा की कुत्र्याच्या जातीवर बंदी घालून चावे थांबतात काय? यावर जगात बरेच वैद्यकीय संशोधन झालेले आहे आणि ते दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजे. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९७९ ते १९९८ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यात मेलेल्या २३८ माणसांची प्रकरणे तपासली गेली. त्यात किमान २५ जातींची कुत्री निघाली, पण निम्म्याहून अधिक मृत्यू पिटबुलसारख्या व रॉटवायलर या दोनच प्रकारांच्या खात्यावर होते. टेक्सासच्या शल्यचिकित्सकांनी २०११ मध्ये आपल्या इस्पितळातील पंधरा वर्षांचे रुग्ण तपासले, तेव्हा पिटबुलच्या जखमा अधिक खोल व जीवघेण्या आढळल्या. म्हणजे मोठ्या जबड्याचे कुत्रे चावले तर अधिक नुकसान होते, हे खरे आहे. ते नाकारणारे श्वानप्रेमी खोटे बोलतात.

पण पुढे काय? ब्रिटनने १९९१ मध्ये कायदा करून चार जातींवर बंदी घातली. चावे थांबले नाहीत. म्हणून २०२३ च्या अखेरीस एक्सएल बुली ही पाचवी जात यादीत घालावी लागली. हॉलंडने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली आणि चाव्यांची संख्या कमी होत नाही असे दिसल्यावर पंधरा-सोळा वर्षांनी ती उठवली. डेन्मार्कच्या ओडेन्स शहरात २०१८ साली झालेल्या अभ्यासात जातबंदीने इस्पितळात येणारे चावे घटल्याचे आढळले नाही. आयर्लंडमध्ये तर १९९८ नंतर इस्पितळात दाखल होणारे वाढले. अमेरिकेच्या ज्या अभ्यासात निम्मे मृत्यू दोन जातींवर निघाले, त्याच्याच लेखकांनी बजावून ठेवले आहे की जात नीट ओळखताच येत नाही, म्हणून कायदा जातीचा नव्हे तर धोकादायक वागणुकीचा व मालकाच्या जबाबदारीचा करा. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास आला. एखाद्या कुत्र्याच्या वागण्यातला फरक त्याच्या जातीने जेमतेम ९ टक्के समजावून सांगता येतो, असा त्याचा निष्कर्ष.

हे वाचताना माझ्यासारख्या चळवळीतल्या माणसाच्या मनात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आल्याशिवाय राहत नाही. जन्मावरून गुन्हेगार ठरवायचे, हजेरी लावायची, कुंपणात डांबायचे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण नांदेड-लातूरच्या पारधी वस्तीवर पहाटे पडणारी धाड गेली का? तरी मी सावध करतो, ही तुलना फार ताणू नये. एक तर माणसाला कुत्र्याच्या पंक्तीत बसवण्याचे काम मनुवाद्यांनी पुष्कळ केले आहे, आपण करू नये. दुसरे, कुत्र्याची जात ही खरोखरच माणसाने वीण निवडून, विशिष्ट कामासाठी घडवलेली असते. माणसाची जात ही निव्वळ थाप आहे. कुत्र्याच्या बाबतीत रक्ताचा थोडाफार अर्थ लागतो, माणसाच्या बाबतीत तो मुळीच लागत नाही. हा फरक बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन'मध्ये वंशाची मीमांसा करताना आपल्याला शिकवलेला आहे.

आता आपल्या भागाकडे या. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे, उंट यांच्याबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव कारवान जातीच्या शिकारी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. उंच, सडपातळ, वाऱ्यासारखे पळणारे कुत्रे. ते केंद्राच्या २३ च्या यादीत नाही आणि त्याच्या चाव्याने कुणी मेल्याचे आम्ही ऐकलेले नाही. पिटबुल, रॉटवायलर हे नांदेड-लातूरच्या बंगल्यांतून आता दिसू लागले आहेत, पण किती? मोजायला गेलात तर बोटांवर मोजता येतील. मग इथली माणसे कोणाच्या चाव्याने दवाखान्यात जातात? ज्याला कसलीच जात नाही, अशा गल्लीतल्या कुत्र्याच्या. आणि मरतात ती जबड्याने नव्हे, तर लाळेतल्या विषाणूने.

म्हणून जातीच्या यादीवरची ही सगळी चर्चा आमच्या वस्तीच्या दृष्टीने श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली चर्चा आहे. आमचा प्रश्न रेबीज हा आहे.

त्याचे आकडे पाहा. सरकारने संसदेत सांगितले की २०२४ साली देशात ३७ लाख १७ हजार लोकांना कुत्रे चावले. त्यात महाराष्ट्र अगदी वरच्या क्रमांकावर, सुमारे ४ लाख ८५ हजार. आणि रेबीजचे संशयित मृत्यू किती? देशभरात ५४. याच देशाच्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १५ राज्यांतील ६० जिल्ह्यांत घरोघर फिरून केलेला अभ्यास 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात आला आहे. त्याचा अंदाज वर्षाला ५,७२६ मृत्यू. त्याआधी २००३ च्या पाहणीत हा आकडा वीस हजारांवर होता. म्हणजे मृत्यू घटले आहेत, हे मान्य करू. पण सरकारी वहीतले ५४ आणि सरकारच्याच शास्त्रज्ञांचे ५,७२६, यांच्यामध्ये शंभरपट अंतर आहे. या अंतरात जी माणसे गडप झाली ती कोण होती? २००३ च्या पाहणीने ते सांगून ठेवले आहे. बहुतेक खेड्यातली, बहुतेकांनी लस घेतलेली नव्हती, पुष्कळांनी आधी गावठी उपाय केलेले आणि दवाखान्यापर्यंत पोहोचलेले जेमतेम निम्मे.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. गावाचे व दवाखान्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण लढाई अजून लढायची आहे. शहराच्या कडेला कचरा डेपो, डेपोला लागून वस्ती. आई कचरा वेचणारी, बाप वीटभट्टीवर. सहा वर्षांची मुलगी अंगणवाडीच्या वळणावर खेळत होती, कुत्र्याने गालाला धरले. लहान मुलाची उंचीच अशी की कुत्र्याचे तोंड थेट त्याच्या तोंडाला भिडते, आणि जखम मेंदूच्या जितकी जवळ तितका विषाणू लवकर पोहोचतो. शेजारणीने हळद आणि चुना भरला. संध्याकाळी आरोग्य केंद्रात नेले. तिथे दंडात लस दिली आणि सांगितले, सीरम इथे नाही, मोठ्या दवाखान्यात जा. तिथे गेल्यावर आजचा साठा संपला, बाहेरून आणा, अशी चिठ्ठी मिळाली. मेडिकलवाल्याने किंमत सांगितली ती बापाच्या दोन आठवड्यांच्या मजुरीएवढी. एक सुई तर झाली आहे, म्हणून ते घरी परतले. महिन्याच्या आत मुलगी पाण्याला घाबरू लागली. मृत्यूच्या कागदावर मेंदूज्वर लिहिले गेले. आई मला विचारत होती, "साहेब, सुई तर दिली होती ना?"

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. लस शरीरात प्रतिकारशक्ती तयार करायला काही दिवस घेते. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर ते दिवस काढण्यासाठी तयार प्रतिद्रव्य थेट जखमेत व जखमेभोवती टोचावे लागते. त्यालाच आपण सीरम म्हणतो. ते पहिल्याच दिवशी द्यायचे असते, राहून गेले तर पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत. त्यानंतर उपयोग नाही. आणि त्याच्याही आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. हळद नाही, चुना नाही, मिरची नाही, मांत्रिक नाही. सरकारी दवाखान्यात लस कातडीत देतात, दोन्ही दंडांत, पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. पोटात चौदा इंजेक्शनांची भीती अजून आपल्या म्हाताऱ्यांच्या मनात आहे. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस २००५ च्या सुमारास देशातून गेली. आता ती कुठेच देत नाहीत, हे वस्तीत जाऊन सांगितले पाहिजे.

लक्षणे दिसू लागली की माणूस वाचत नाही. आणि वेळेवर, पूर्ण उपचार झाले तर तो जवळपास कधीच मरत नाही. इतका सरळ हिशेब दुसऱ्या कोणत्या रोगाचा असेल? म्हणूनच रेबीजचा प्रत्येक मृत्यू हा माझ्या लेखी सदोष व्यवस्थेने केलेला मृत्यू आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेने देशातील ५३४ आरोग्य संस्था तपासल्या. सरकारी ठिकाणी लस सुमारे ८० टक्के संस्थांत होती, सीरम मात्र सुमारे २० टक्क्यांतच, आणि तेही मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांत. म्हणजे किनवट-माहूरच्या तांड्यावरच्या मुलाला गालाला कुत्रे चावले, तर त्याचे जगणे सव्वाशे किलोमीटरपलीकडच्या फ्रीजवर अवलंबून राहू शकते. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेर चोवीस तासांत २४ रुग्ण गेले, त्यात १२ नवजात बालके होती, तेव्हा सगळ्या देशाला मराठवाड्याच्या आरोग्याची दशा दिसली. कॅमेरे आले आणि गेले. गंमत अशी की पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने याच सीरमला पर्याय म्हणून नवे औषध २०१७ मध्ये बाजारात आणले. औषध महाराष्ट्रात बनते, महाराष्ट्राच्या वस्तीत पोहोचत नाही.

ऊसतोड कामगारांचे तर विचारूच नका. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, फडाच्या कडेला कोप्या पडतात, पोरे उघड्यावर. पहिली सुई एका तालुक्यात, तिसऱ्या दिवशी टोळी दुसरीकडे, अठ्ठाविसाव्या दिवशी जिल्हाच बदललेला. 'लॅन्सेट'मधल्या त्याच अभ्यासात चावा झालेल्यांपैकी सुमारे एक पंचमांश लोकांनी लसच घेतली नव्हती, आणि सुरू केलेल्यांपैकीही पुष्कळांनी ती पूर्ण केली नव्हती. त्यांना बेफिकीर म्हणणे सोपे आहे. एका सुईसाठी दिवसाची मजुरी जाते आणि मुकादमाची उचल फेडायची असते, हे म्हणणाऱ्याला ठाऊक नसते.

कुत्री एवढी वाढली कशी, हाही प्रश्न आहे. ज्या डेपोवर शहराचा सगळा उकिरडा पडतो तो डेपो कधी वकील-डॉक्टरांच्या कॉलनीशेजारी पाहिला आहे का? खाटकाच्या दुकानामागचे, मंगल कार्यालयामागचे खरकटे आमच्या नाल्यात येते. जिथे अन्न तिथे कुत्रा. मेलेल्या जनावरांचेही तेच. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा म्हणून सांगितले आणि आपल्या लोकांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले. ते योग्यच केले. २०१६ मध्ये उनाच्या घटनेनंतर गुजरातमधल्या बांधवांनीही तेच केले. पण ते काम गावाने, नगरपालिकेने अंगावर घ्यायला हवे होते. घेतले नाही. त्यात गिधाडे संपली. जनावरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने ती मेली आणि २००६ मध्ये त्या वापरावर बंदी येईपर्यंत नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली होती. गावाबाहेर पडलेले ढोर आता कुत्री खातात. आणि गावाबाहेर कोण राहते, हे आम्ही सांगायला नको.

मग कुत्री मारून टाकावीत काय? काही कार्यकर्ते चिडून तसे म्हणतात. आपण बौद्ध आहोत, पहिलेच शील काय सांगते ते आपल्याला माहीत आहे. पण मी इथे शीलाचा दाखला देऊन थांबत नाही, शास्त्राचाही देतो. कुत्री मारल्याने रेबीज गेला असे घडत नाही. रिकाम्या झालेल्या गल्लीत लस न दिलेली दुसरी येतात. सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस दिली तर साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या शेजारच्या गोव्याने हे करून दाखवले. २०१३ पासून तिथे 'मिशन रेबीज' या संस्थेने सरकारबरोबर गल्लोगल्ली जाळी घेऊन कुत्र्यांना लस दिली. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाला. गोव्याला जमते ते नांदेड-वाघाळा आणि लातूर महापालिकेला का जमू नये? उदगीरला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शिकणारी पोरे आहेत. इच्छा नाही, एवढेच.

कायदा आपल्या बाजूने आहे, तो वापरला पाहिजे. पाळलेले कुत्रे चावले तर मालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा नोंदवता येतो, मग त्याची जात कोणतीही असो. मोकाट कुत्र्याची जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेची. पैसे नाहीत ही सबब चालत नाही, हे रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांनी १९८० मध्येच सांगितले, आणि तो खटला गटारीचा व घाणीचाच होता. सरकारी दवाखान्याने तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे कलम २१ चा भंग, हे १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या निकालात आहे. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये भरपाई ठरवली. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण औरंगाबाद खंडपीठापुढे मांडता येतो. पहाटे झाडू मारताना सफाई कामगाराला कुत्रे चावले तर ती कामावर झालेली इजा आहे. पूर्वी १९२३ चा कायदा होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता आहे. ठेकेदार "तो तुझा प्रश्न" म्हणाला तर त्याला नोटीस द्या. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वे स्थानके येथील कुत्री हलवायला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. त्यात जिल्हा परिषदेची शाळा येते. दलित वस्तीतली अंगणवाडी येते की नाही, हे विचारायचे काम आपले.

तूर्त एवढे करू या. प्रत्येक तालुक्यातून माहिती अधिकारात तीन गोष्टी मागवायच्या: गेल्या बारा महिन्यांत ग्रामीण रुग्णालयात चाव्याचे रुग्ण किती आले, त्यांतल्या खोल जखमांच्या किती जणांना सीरम मिळाले, आणि साठा किती दिवस शून्य होता. साठा नोंदवहीची प्रत मागायला विसरू नका, तोंडी उत्तर घेऊ नका. अर्जाचा नमुना तयार करून ठेवला आहे. नांदेड आणि लातूरच्या ज्या कार्यकर्त्यांना हवा असेल त्यांनी जिल्हा न्यायालयाच्या बाररूममध्ये दुपारच्या सुटीत येऊन घेऊन जावा.